भिंतीपलीकडची हजेरी

बाई,

तुमच्या मुलानं सगळ्यांना मेसेज केला, "आई शांतपणे प्रभूच्या घरी गेली." तो वाचून मला रडू नाही आलं, राग आला. शांतपणे? तुम्ही जन्मात एक गोष्ट शांतपणे केली नाहीत. खाली भाजीवाला आला की तुम्ही वरूनच भाव करायचात आणि मेथीची जुडी पिवळी पडली आहे हे अख्ख्या विंगला कळायचं. नगरकडच्या झेडपीच्या शाळेत चार वर्ग एका खोलीत शिकवून कमावलेला आवाज होता तो. तुम्ही रिटायर होऊन पनवेलला आलात, सुकापूरच्या या बिल्डिंगमध्ये माझ्या शेजारी राहिलात, पण आवाज काही रिटायर झाला नाही. म्हणून तर सगळे तुम्हाला बाईच म्हणायचे. एस्तेर हे नाव फक्त लाइट बिलावर होतं.

तुमच्या रविवारच्या प्रार्थनेतले साळवेकाका म्हणाले, मंडळीच्या, म्हणजे तुमच्या चर्चच्या, पत्रिकेत तुमच्यावर तूच लिही. मी म्हटलं, मी तुमच्या मंडळीतली नाही, देव मानत नाही, आणि मला असलं काही लिहिता येत नाही. मी पत्रकं लिहिते. जासईच्या कंटेनर गोदामांवर जी कंत्राटी माणसं ओझी उचलतात, त्यांच्यासाठी. काका म्हणाले, मग पत्रक लिही. ठीक आहे. पत्रकाचा नियम मला पाठ आहे: कोण बोलतंय, कुणाविरुद्ध बोलतंय आणि काय मागतंय, हे सुरुवातीलाच आलं पाहिजे, कारण लोक गेटवर उभ्या उभ्या वाचतात. तर कोण: मी, अस्मिता, तुमच्या भिंतीपलीकडची. कुणाविरुद्ध: ते अजून ठरत नाहीये. काय मागतेय: पहाटे कुणीतरी माझं नाव घ्यावं. एवढीच मागणी आहे, आणि ती कुणाकडे करायची तेही मला माहीत नाही.

तुमचा ओटा आणि माझा पलंग यांच्यामध्ये एकच भिंत. बिल्डरनं ती बिस्किटासारखी पातळ बांधली आहे, त्याच्यावर मी स्वतंत्र पत्रक काढू शकते. पाण्याचा पंप सुरू व्हायच्या आधी तुम्ही उठायचात, ओट्यापाशी स्टूल ओढायचात आणि प्रार्थना करायचात. मोठ्यानं. मंडळीत तिला मध्यस्थी म्हणतात, दुसऱ्यांसाठी देवाकडे शब्द टाकायचा. रविवारी जो तो आपली अडचण तुमच्यापाशी ठेवून हलका होऊन घरी जायचा, आणि पुढचा आठवडाभर ती तुम्ही उचलायचात. पण तुमची प्रार्थना प्रार्थनेसारखी वाटायचीच नाही. ती हजेरी होती. एक नाव, मग अडचण, मग थोडं थांबणं. पुन्हा एक नाव. "स्टेला. नाइट शिफ्ट आहे. कंबर धरलीय." थांबणं. "साळवे. कानाचं मशीन शिट्टी मारतंय." थांबणं.

मला वाटायचं तुम्ही दम घेताय. एकदा विचारलं, तर तुम्ही माझ्याकडे ढ मुलीकडे बघावं तसं बघितलंत. म्हणालात, वर्गात नाव घेतलं की पोर हजर म्हणेपर्यंत आपण थांबतोच ना?

मग एका पहाटे त्या भिंतीतून माझं नाव आलं.

आदल्या दिवशी गेटसमोर सभा घेतली म्हणून पोलिसांनी आम्हाला दिवसभर बसवून ठेवलं होतं. घरी आले, दार लावलं आणि उशीत तोंड घालून ओरडले. रडले नाही, ओरडले. थोड्या वेळानं तुम्ही दार वाजवलंत. हातात वाटीभर खिचडी, वर तुपाची धार. नाव विचारलंत, मी सांगितलं. जेवलीस का विचारलंत, मी मान फिरवली. वाटी ठेवून गेलात. आणि पहाटे: "अस्मिता. राग फार आहे. खरा आहे, पण पोटात ठेवते, जेवत नाही." मग ते थांबणं.

मी उठून सरळ तुमच्या दारात आले होते. माझ्या परवानगीशिवाय माझं नाव तुम्ही कसं घेता, हे मला विचारायचं होतं, आणि मी विचारलंही. धर्म पसरवायचा धंदा आहे का, असंही विचारलं. तुम्ही चहाचं आधण ठेवत होतात. म्हणालात, "अगं, मी तुझ्याशी बोलतच नव्हते. दुसऱ्याच्या बोलण्यात कान घालायचा आणि वर भांडायला यायचं?"

मी चहा प्यायले.

त्यानंतर रविवारी मी तुमच्या हॉलमध्ये येऊन बसायला लागले. दाराजवळ, हाताची घडी घालून. मी सगळ्यांना सांगितलं होतं की मी पोह्यांसाठी येते. पनवेल गावातल्या मोठ्या चर्चपर्यंत जायला ज्यांच्या अंगात त्राण नसायचं, ती माणसं तुमच्याकडे यायची. रात्रपाळी करून आलेली स्टेलाताई, तिच्या अंगाला हॉस्पिटलचा वास. ट्रेलर चालवणारे दोघे, खिशात गाडीची किल्ली. करंजाड्याहून साळवेकाका, सुनेनं रिक्षात बसवून दिलेले. पेटी आणि तबला यांचं कधी जमलं नाही, पण गाणी म्हणताना त्या माणसांचे चेहरे बदलायचे. ते मला दिसायचं, आणि त्याचा मला त्रास व्हायचा. एक एक जण उभा राहून साक्ष द्यायचा, म्हणजे देवानं या आठवड्यात काय केलं ते सांगायचा. स्टेलाताईच्या साक्षी साध्या असायच्या. वॉर्डातल्या म्हाताऱ्यानं आज दोन घास खाल्ले, प्रभूची स्तुती असो. मी मनात म्हणायचे, त्या घासांत प्रभू कुठे आला, भरवलंस तू. पण मला गेटवरची माणसं आठवायची. आमच्या सभांमध्ये आम्ही दर वेळी काय गेलं तेच सांगतो. काय मिळालं ते सांगायला कुणी उभं राहत नाही. राहिलं असतं, तर कदाचित सभेला माणसं टिकली असती.

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगतेय, याचा काय उपयोग.

गोदामावरच्या माणसांना कामावरून काढलं तेव्हा तुम्ही स्वतःहून गेटवर आलात. ऊन एवढं की डांबर चपलेला चिकटत होतं. छत्री, पर्स, पाण्याची बाटली, आणि कुणीतरी आणून दिलेली प्लास्टिकची खुर्ची. मला वाटलं आता उठून प्रार्थना करणार आणि माझी लाज जाणार. तुम्ही तसं काही केलं नाहीत. एकेकाला जवळ बोलावून नाव विचारलंत, घरी कोण कोण आहे विचारलंत. दुसऱ्या पहाटे हजेरी लांबली. भिंतीतून एकामागोमाग गेटवरच्या माझ्या सगळ्या पोरांची नावं आली, आणि मी डोळे मिटून ऐकत राहिले. मग शेवटी गोदामाच्या मॅनेजरचं नाव आलं. मी ताडकन उठून भिंतीवर बुक्की मारली. पलीकडून तुमचा आवाज: "ऐकलं हं, अस्मिता." आणि तुम्ही मॅनेजरच्या मुलीची बारावी प्रभूच्या हवाली केलीत.

आपलं मोठं भांडण मात्र सोसायटीच्या सेक्रेटरीवरून झालं, आणि ते अर्धंच राहिलं.

म्हात्रे. इथल्याच मातीतला माणूस, वडिलांचं शेत गेलं त्यावर बिल्डिंगा उभ्या राहिल्या, त्यातल्याच एकीत राहतो आणि अजून बांधावर उभा असल्यासारखा सगळ्यांवर ओरडतो. त्याच्या बायकोनं तुमच्यापाशी मन मोकळं केलं होतं की यांना मूळव्याधीचा फार त्रास आहे, डॉक्टरकडे जात नाहीत, लाजतात. तुम्ही ते मनावर घेतलंत. रविवारी खिडक्या सताड उघड्या, पंखा बंद पडलेला, आणि तुम्ही उभं राहून वर्गाच्या आवाजात म्हणालात, हे प्रभू, ए विंगच्या म्हात्रेंची मूळव्याध तू जाणतोस, त्यांना धड बसता येत नाही. म्हात्रे खाली पार्किंगमध्ये चार माणसांबरोबर उभा होता.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस लागली. निवासी सदनिकेत सामूहिक प्रार्थना, गायन, वादन करण्यास मनाई.

मी पेटले. मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं आणि तुमच्यापुढे ठेवलं. 'घरात प्रार्थना करणं हा गुन्हा आहे का?' असा मथळा होता. अजूनही म्हणते, मी लिहिलेल्यांतलं ते चांगलं पत्रक होतं. तुम्ही चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलंत. मग म्हणालात, "यात मूळव्याध कुठंय?"

मी म्हटलं, पत्रकात मूळव्याध येत नसते. तुम्ही म्हणालात, मग हे अर्धंच खरं आहे. त्या माणसाची चार लोकांत अब्रू गेली, ती मी घालवली, आणि तू त्याला राक्षस करून छापतेयस. मी म्हटलं, त्याचा राग एक गोष्ट आणि त्यानं काढलेली नोटीस दुसरी. रागासाठी माफी मागा, नोटिशीसाठी लढा. हे माझं म्हणणं मला आजही बरोबर वाटतं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि तांब्याभर ताक घेऊन म्हात्रेच्या घरी गेलात. तो म्हणाला ते तुम्हीच परत येऊन हसत हसत सांगितलंत: "मावशे, तुमी देवाला सांगा, माजी ना नाय. पन खिडकी लावून सांगा."

तुम्हाला वाटलं मिटलं. नोटीस मात्र बोर्डावरच राहिली. त्यानंतर रविवारी खिडक्या बंद, पेटी खोक्यात, तबला पलंगाखाली. माणसं घामानं निथळत, ओठांतल्या ओठांत गायची. चोरासारखी. मला बघवायचं नाही. मी तुम्हाला म्हटलं, तुम्ही वाकलात. तुम्ही पोह्यांवर कोथिंबीर घालत होतात. म्हणालात, "वाकले की. प्रभूसारखे दुसऱ्याचे पाय धुवायचे तर वाकावंच लागतं."

मी म्हटलं, ज्यानं लाथ मारली त्याचेही? तुम्ही म्हणालात, बश्या घे. म्हणजे तेव्हाही तुम्ही उत्तर दिलं नाहीत, आणि आता तर तुम्ही सुटलात.

तुम्ही गेलात त्या दिवशी पहाटे तुमची हजेरी झाली होती. सगळी नावं. माझंही. मी अर्धवट झोपेत होते, त्यामुळे माझ्या नावापुढे तुम्ही काय म्हणालात ते मला ऐकू आलं नाही. नुसतं नाव कळलं, आणि एक गुणगुण. मी कूस बदलली. दुपारी जासईला असताना स्टेलाताईचा फोन आला. खुर्चीत बसल्या बसल्या, म्हणाली. हाक मारली तर ओ दिली नाही.

ते काय वाक्य होतं, बाई? मी त्या दिवसापासून तेच शोधतेय. अस्मिता, आणि पुढे काय?

तेव्हापासून मला पंप सुरू व्हायच्या आधी जाग येते. भिंत तिथेच असते. मी ऐकत पडते. काही ऐकू येत नाही असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल. नावं माझ्या डोक्यात त्याच क्रमानं चालू होतात, त्याच अंतरानं, आणि प्रत्येक नावानंतरचं थांबणं मला भिंतीतून येतंय असं वाटतं. तुमचा आवाज येत नाही, पण तुमचं थांबणं येतं. परवा स्टूल ओढल्यासारखं वाजलं. मी उठून बसले. उंदीर असेल. वरच्या मजल्यावरचं काही असेल. मी भुतंखेतं मानत नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण मी दिवा लावला नाही, आणि बराच वेळ श्वासही नीट घेतला नाही. तुम्ही असाल तर घाबरून जाल असं वाटलं.

तुमच्या मुलानं किल्ली माझ्याकडे ठेवली आहे. एकदा मी आत गेले. दुधाच्या पातेल्यात काही नव्हतं, तरी झाकण होतं. मी स्टुलावर बसले आणि तुमच्या बाजूनं भिंतीला कान लावला. पलीकडे, माझ्या खोलीत, माझ्या फोनचा अलार्म वाजत होता. स्वच्छ ऐकू येत होता. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी एवढी वर्षं समजत होते की मी तुम्हाला ऐकते. फोनवर मी आईशी केलेली भांडणं, युनियनच्या माणसांना घातलेल्या शिव्या, रविवारच्या एकट्या दुपारी स्वतःशीच केलेली बडबड, सगळं तुमच्याकडे येत होतं. आणि त्यातलं एक अक्षर तुम्ही मला कधी बोलून दाखवलं नाहीत. त्या एका माणसाची मूळव्याध तुम्ही गावभर केलीत आणि माझं सगळं पोटात ठेवलंत. की पोटात ठेवलं नाहीत, तर फक्त एकाच ठिकाणी सांगितलंत?

दफनाला म्हात्रे आला होता. मागे उभा राहिला, बूट काढायचे की नाही ते न कळून एक काढला, एक तसाच. सगळे मूठमूठ माती घालायला लागले तेव्हा माझ्याजवळ येऊन विचारलं, कोनत्या हातानं? मी सांगितलं नाही. स्टेलाताईनं सांगितलं.

पण तो मला टाळता येत नव्हता. जिन्यात गाठलं त्यानं मला. म्हणाला, मावशी मला बोलली होती, रोज तुमचा नाव घेते, दार लावून घेते. मग त्यानं इकडे तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "मावशी गेली. आता आमचा नाव कोन घेनार हाय?"

बाई, मला संताप आला. हा माझा प्रश्न होता. त्याला तो विचारायचा अधिकार नव्हता. ज्यानं तुम्हाला बंद खिडकीआड कोंडलं, त्याला तुमची उणीव भासते, आणि तीही हुबेहूब माझ्यासारखी, हे मला सहन झालं नाही. मी वर निघून आले. पण दार लावल्यावर माझ्या लक्षात आलं की नोटीस काढणारा आणि नोटिशीविरुद्ध पत्रक लिहिणारी, या बिल्डिंगमध्ये आम्ही दोघंच अशी माणसं आहोत ज्यांनी तुमच्या देवाला कधी हाक मारली नाही आणि तरी ज्यांची नावं रोज तिकडे जात होती.

सांत्वनाच्या प्रार्थनेला तुमचा हॉल भरला. म्हात्रेही आला, बायकोला घेऊन. त्याला खिडकीपाशी जागा मिळाली. माणसं घामानं भिजली होती. स्टेलाताईनं गाणं धरलं, तसं त्यानं मान न वळवता हात मागे नेला आणि खिडकी उघडली. काही जणांचे डोळे भरून आले. माझे नाही आले. एक खिडकी उघडली म्हणून मी नोटीस विसरणार नाही. ती अजून बोर्डावर आहे, तिच्यावर पाण्याच्या टाकीची नोटीस लावली आहे एवढंच.

गाणं संपल्यावर पेच पडला. मध्यस्थी आता कोण करणार? साळवेकाका म्हणाले, मी करेन, पण नावं कुणाला ठाऊक आहेत? प्रत्येकाला आपलं नाव माहीत होतं, फार तर नवऱ्याचं, मुलाचं. अख्खी हजेरी कुणालाच माहीत नव्हती. तुम्ही ती कुठे लिहिलीच नव्हती. माणसं एकमेकांकडे बघायला लागली, आणि मला त्यांच्या चेहऱ्यांवर भीती दिसली. आपण ज्याच्याकडे सोपवून मोकळे झालो होतो, तो हात निसटला आणि आपलं नाव आता कुठल्या कुठे पडलं असेल, अशी ती भीती होती. ती मी ओळखते. रोज पहाटे ती माझ्याबरोबर उठते.

स्टेलाताई म्हणाली, "अस्मिता, तुला भिंतीतून ऐकू यायचं ना?"

मी म्हटलं, मी प्रार्थना करत नाही. ती म्हणाली, कोण करायला सांगतंय, नुसती नावं सांग.

मी दाराजवळच उभी राहिले. हाताची घडी सोडली. मग सुरुवात केली. तुमच्याच क्रमानं, कारण दुसरा क्रम मला येतच नाही. स्टेला. साळवे. ट्रेलरवाले. पोरं. मॅनेजर, त्याची मुलगी. मध्ये मध्ये मी थांबत होते. मी ठरवून थांबत नव्हते, ते नावांबरोबरच आलं. एक नाव आलं, पुष्पा, नुसतं पुष्पा, अडचण नाही, काही नाही. तुम्ही ते नेहमी हळू आवाजात घ्यायचात. मी विचारलं, पुष्पा कोण? कुणालाच माहीत नव्हतं. तुमच्या मुलालाही फोन करून विचारलं, त्यालाही नाही. स्टेलाताई म्हणाली, असू दे, मी घेते पुष्पाला. मग ज्यानं त्यानं एकेक उचललं. जिवंत माणसं अशी वाटून घेताना मी कधी पाहिली नव्हती. ट्रेलरवाल्यांनी माझी गेटवरची पोरं घेतली. म्हणाले, त्याच रस्त्यानं तर जातो. म्हात्रेचं नाव आलं तेव्हा हॉलमध्ये कुणी हललं नाही. तो मान खाली घालून बसला होता. स्टेलाताई मला म्हणाली, ते तुझ्याच बिल्डिंगमध्ये आहेत, ते तू घे.

मी नाही म्हटलं नाही, बाई. का नाही म्हटलं ते मला विचारू नका.

नावं संपली. मी बसायला लागले. साळवेकाकांनी कानाचं मशीन दाबून धरलं होतं, सगळी नावं ते बोटांवर मोजत होते. ते म्हणाले, "थांब. एक राहिलं."

मी म्हटलं, नाही राहिलं, एवढीच होती.

"तुझं राहिलं," काका म्हणाले. "ते माझ्याकडे."

तर असं आहे सगळं. सोमवारपासून मी नोटिशीविरुद्ध सह्या गोळा करतेय. नवं पत्रक लिहिलंय, त्यात तुमची चूकही लिहिली आहे, म्हणजे मूळव्याध हा शब्द न वापरता, आणि नोटीस का चूक आहे तेही लिहिलं आहे. ते म्हात्रेला मी स्वतः नेऊन दिलं. त्यानं वाचलं, सही करणार नाही म्हणाला, पाणी विचारलं. पहाटे मी त्याचं नाव घेते आणि संध्याकाळी त्याच्याविरुद्ध दारोदार फिरते. नाव घेताना दात आवळलेले असतात. पुढे काय म्हणायचं ते मला येत नाही, म्हणून नुसतं नाव घेते आणि थांबते. ते थांबणं फार अवघड आहे, तुम्ही हे कुणाला सांगितलं नव्हतंत. तिथे इतकं रिकामं असतं की पळून जावंसं वाटतं. आणि कधी कधी, रोज नाही, त्या रिकाम्यात कुणीतरी आपल्याइतकंच जागं आहे असं वाटतं. ते तुम्ही आहात, की ज्याच्याशी तुम्ही बोलायचात तो, की उंदीर, मी ठरवलेलं नाही.

माझं नाव आता भिंतीतून येत नाही. सुकापूर ते करंजाडे, मध्ये हायवे, रूळ आणि झोपलेलं अख्खं पनवेल आहे. काका खरंच उठतात का, माझं नाव त्यांच्या लक्षात राहतं का, मला कळायला मार्ग नाही. फोन करून विचारता येईल. गोदामावरची कुठलीही गोष्ट मी दोघातिघांना विचारून पक्की केल्याशिवाय कागदावर घेत नाही. ही मी विचारलेली नाही. विचारणार नाही.

खाली पंप सुरू झाला. करंजाड्यात एव्हाना काका उठले असतील.